स्वहस्ताक्षरात

"हे अक्षर तुमचंच?"

विमा कंपनीच्या साहेबाने अर्जाची चार पानं उलटसुलट करून पाहिली. पेंटर खुर्चीत सावरून बसला. सहा महिन्यांत इतक्या आपुलकीने त्याला कुणी काही विचारलं नव्हतं.

"माझंच."

"कुणाकडून लिहून घेतलं नाही ना?"

"छे हो! एकूण एक अक्षर माझ्या हातचं."

"सुंदर आहे," साहेब म्हणाला आणि त्याने वहीत काहीतरी टिपून घेतलं. त्याचं स्वतःचं अक्षर म्हणजे शाईत पाय बुडवून मुंगी चालत गेली होती. पेंटरला त्याची जरा कीवच आली.

पेंटर बसडेपोत कामाला होता. सत्तावीस वर्षं त्याने बसगाड्यांवर नंबर घातले, गावांची नावं रंगवली, 'सुरक्षित अंतर ठेवा' लिहिलं. त्याचं खरं नाव फक्त पगारपत्रकाला ठाऊक होतं. आपला आठचा आकडा बघायला दुसऱ्या डेपोतून माणसं येतात असं तो सांगायचा. एकदा एकजण आला होता हे मात्र खरं. मग मानेचा मणका सरकला, शीर दाबली गेली आणि उजवा हात थरथरायला लागला. चमचा तोंडापर्यंत जाईस्तोवर अर्धा रिकामा व्हायचा. शर्टाची बटणं बायको लावू लागली. शेवटच्या गाडीवर त्याने काढलेला आठ बघून फोरमन नुसता पाठीवर हात ठेवून पुढे गेला. दुसऱ्या दिवसापासून पेंटर घरी बसला.

रजा महिनाअखेर संपणार होती. पुढे घर चालायचं ते दोन अर्जांवर. एक विमा कंपनीकडे, डेपोने कामगारांसाठी काढलेल्या आजारविम्याचा. दुसरा सरकारकडे, अपंगत्वाच्या पेन्शनचा. दोन्हींच्या माथ्यावर एकच सूचना छापली होती : अर्ज अर्जदाराने स्वहस्ताक्षरात, सुवाच्य भरावा.

ही सूचना मनावर घेणारा माणूस त्या छापणाऱ्यानेही कधी पाहिला नसेल.

"द्या इकडे, मी भरते," बायको म्हणाली होती.

"स्वहस्ताक्षरात लिहिलंय. आणि सुवाच्य."

रोज सकाळी गरम पाण्यात शेकल्यावर पाव तास हात जरा ऐकायचा. तेवढ्यात डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरून तो दोन ओळी लिहायचा. मग हात दिवसभरासाठी संपला. एका अर्जाला तीन आठवडे, दोन्ही मिळून दीड महिना गेला. 'आजाराचे स्वरूप' या रकान्यात त्याने 'उजव्या हाताला कंप' हे शब्द असे देखणे लिहिले होते की बायकोनेच शेजारणीला बोलावून दाखवले.

पंधरा दिवसांनी कंपनीचं पत्र आलं. बायकोने ओट्यापाशी उभ्याउभ्याच वाचून दाखवलं. 'अर्जदाराने स्वतः भरलेला अर्ज पाहता हाताच्या सूक्ष्म हालचालींवर त्यांचे पुरेसे नियंत्रण असल्याचे दिसते. सबब दावा नामंजूर.' खाली बारीक टाइपात होतं, सरकारी प्रमाणपत्र सादर केल्यास फेरविचार होऊ शकेल.

"तो तर सुंदर म्हणाला होता," पेंटर पुटपुटला.

"म्हणणारच! आणि तुम्ही फुललात. आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यावा तो तुम्हीच. तीन आठवडे लागले एवढं तरी सांगायचं!"

"त्याने विचारलं नाही."

बायकोने पत्राची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली. आता सगळा भार सरकारी तपासणीवर होता. ते प्रमाणपत्र मिळालं तर पेन्शन मिळणार आणि विम्याचं दारही परत उघडणार. नाही मिळालं तर दोन्हीकडे कडी.

तपासणीच्या सकाळी तिने त्याची बटणं लावता लावता बजावलं, "खिडकीवर नवा कोरा अर्ज घ्यायचा. डॉक्टर सांगतील तेव्हा, त्यांच्यासमोर भरायचा. आणि हा डावा हात खिशात ठेवायचा."

"म्हणजे सोंग करू?"

"सोंग तर तुम्ही केलंत, दीड महिना. धडधाकट असल्याचं."

पेंटरने तयार अर्ज तरीही पिशवीत घेतलाच.

सरकारी काम आणि सहा महिने थांब. दहाचा नंबर अडीच वाजता लागला. बाकावर बसून मान अवघडली होती, हातात मुंग्या भरल्या होत्या. पिशवी बायकोने काढून घेतली आणि त्याला आत ढकललं.

डॉक्टरबाईंनी हातोडीने कोपर ठोकून पाहिलं, बोटं दाबायला लावली, मानेचे फोटो उजेडात धरले. मग वर न बघताच कोरा अर्ज पुढे सरकवला.

"लिहा. नाव, पत्ता, काय काम करता."

पेंटरने पेन घेतलं. डावा हात आपसूक मनगटाकडे निघाला. त्याने तो मध्येच थांबवून खिशात घातला. यात खोटं काहीच नव्हतं, तरी चोरी करताना पकडला गेल्यासारखे त्याचे कान तापले. पहिलं अक्षर रेघ सोडून वर गेलं. दुसरं खाली घसरलं. नाव रकान्याबाहेर सांडलं, पत्ता त्यावर जाऊन आदळला. 'काम' या शब्दापुढे 'पेंटर' लिहायचं होतं. तिथे जे उमटलं ते त्याला स्वतःलाही वाचता येईना.

"पुरे," बाई म्हणाल्या. "किती वर्षं केलंत काम?"

"सत्तावीस."

त्यांनी सही केली, शिक्का मारला. "प्रमाणपत्र मिळेल. आठ दिवसांनी खिडकीवर या. विमा कंपनीलाही त्याचीच प्रत द्या."

आनंद व्हायला हवा होता. पेंटर उठला नाही.

"मॅडम, हा कागद इथेच राहणार?"

"हो. फाइलला लागतो."

"कायमचा?"

"कायमचा."

"मी उद्या सकाळी येतो, लवकर. पाव तास द्या फक्त. नीट लिहून देतो. हा तेवढा फाडून टाका."

बाईंनी पेन खाली ठेवलं. पहिल्यांदाच त्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"नाही हो काका," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आम्हाला हाच लागतो."

मग त्यांनी तो कागद पालथा केला आणि तसाच फाइलमध्ये ठेवला.

बाहेर बायको उभीच होती. त्याने होकाराची मान डोलावली तेव्हा तिने पदर डोळ्यांना लावला आणि लगेच, कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून, नाकही पुसून घेतलं. दोघं दवाखान्याच्या पायऱ्या उतरू लागली. एका हाताने तिने कठडा धरला होता, दुसऱ्या हातात ती पिशवी, आत दीड महिन्यातला तो उरलेला अर्ज.

"अहो, पडाल," ती म्हणाली. "आता काढा की तो हात बाहेर."

पेंटरने खाली पाहिलं. डावा हात अजून खिशातच होता, मूठ गच्च आवळलेली.