मधला धागा आधी

सासऱ्यांनी फुंकर मारली, आणि सूर्य माथ्यावर यायला दोन तास दहा मिनिटं उरली असताना वेधशाळेच्या दुर्बिणीतले पाचही धागे तुटले.

धाग्यांजवळ फुंकर मारायची नाही, हा नियम त्यांचाच. चाळीस वर्षं त्या खोलीत कुणी नुसता सुस्कारा टाकला तरी ते त्याला दाराबाहेर काढत. पण आज तपासनीस यायचे होते, मधल्या धाग्यावर धुळीचा कण बसला होता, सूनबाई ब्रश आणायला कपाटाकडे वळली होती. आणि म्हातारपणी माणसाला वाटू लागतं, आपले नियम आपण दुसऱ्यांसाठी केलेत.

"तुटले?" तिनं पाठ न वळवताच विचारलं. खोलीतली शांतता तिला पुरेशी होती.

"जुने झाले होते," सासरे म्हणाले. "आज नाही तर उद्या तुटलेच असते."

"उद्या तुटले असते तर मी पेढे वाटले असते, मामंजी."

ती दुर्बीण दोन दगडी खांबांच्या मध्ये बसवलेली. डावी-उजवीकडे वळत नाही, नुसती वर-खाली होते. वळायचं काम आकाशाकडे. सूर्य बरोबर माथ्याच्या रेषेवर आला की तिच्या तोंडासमोरून जातो. डोळा लावायच्या टोकाला पितळेची एक चकती, आणि तिच्यात ताणलेले कोळ्याच्या जाळ्याचे पाच उभे धागे. सूर्याची कड एकेका धाग्याला शिवली की डोळ्यानं ते पाहायचं, कानानं घड्याळाचा ठोका मोजायचा, हातानं सेकंद लिहायचा. पाचांची सरासरी काढली की खरी वेळ मिळते, आणि गावातली सगळी घड्याळं त्या वेळेवर लागतात. धागे नसतील तर ती दुर्बीण म्हणजे नुसती महागडी नळी.

सासऱ्यांचे हात थरथरायला लागले तेव्हा ही जागा त्यांच्या मुलाकडे जायची होती. पण मुलाला ठोका ऐकू आला की सूर्य दिसत नसे, आणि सूर्य दिसला की ठोका हुकत असे. तो गेला छापखान्यात. सुनेला दोन्ही एकदम जमलं. सासरे निवृत्त झाले, तरी रोज येत राहिले. तेव्हापासून अख्खी वेधशाळा तिला सूनबाईच म्हणे, आणि कागदावर ती सहा वर्षं "तात्पुरती" होती. आज तपासनीस दुपारचा वेध स्वतः पाहणार होते. बरोबर आला तर जागा तिच्या नावावर कायम. नाही आला तर वेळ दूरच्या मोठ्या वेधशाळेकडून तारायंत्रावरून घ्यायची आणि ही खोली बंद.

राखीव धागा अर्थात होता. दोन फाट्यांच्या काडीवर गुंडाळून कपाटात ठेवलेला, वर्षभर पुरेल इतका. तिनं खण उघडला. काडी होती. काडी लखलखत होती.

"चकाचक!" तिनं हाक मारली.

शिपायाला सगळे याच नावानं ओळखत. तो फडकं खांद्यावर टाकून आला.

"या काडीवर काय होतं?"

"जळमट, सूनबाई! एवढं गुंडाळलेलं! अधीक्षक साहेब म्हणाले होते, तपासणीत एक जरी जळमट दिसलं तर तुझी गाठ माझ्याशी आहे. मी खणाच्या आतसुद्धा हात घातला. आतून कोण पुसतं, सांगा?" आणि शाबासकीसाठी तो उभा राहिला.

सूनबाईनं डोळे मिटले. सासरे म्हणाले, "याला खरंच बक्षीस द्या. चाळीस वर्षांत एवढं मन लावून कुणी नुकसान केलं नाही."

"भांडण नंतर. कोळी शोधा."

तिघांनी कोपरे पालथे घातले. जिना, तळघर, घुमटाची दारं, परसातलं लाकूड. दोन दिवस झाडू फिरवून चकाचकनं इमारतीची अशी काही दशा केली होती की एखादी मुंगी आली असती तरी परवानगी विचारून आली असती. पाऊण तास गेला. शेवटी तो स्वतःच डोकं खाजवत म्हणाला, "एका जागेला मी हात लावलेला नाही. साहेबांच्या खोलीतली ती मोठी तसबीर. तिला हात लावायचा नाही असा हुकूमच आहे."

"आणि तपासनीस कुठे बसलेत?"

"तसबिरीखाली. चहा घेतायत."

तिनं काचेचा पेला उचलला आणि ती व्हरांड्यातून निघाली. व्हरांड्यात निवृत्त यंत्रं ओळीनं मांडलेली होती. नुसत्या डोळ्यानं तारा धरायचा लाकडी चाप, त्याला घरी बसवणारं पितळी वर्तुळ, त्यालाही मागे टाकणारी पुठ्ठ्याच्या नळीची पहिली दुर्बीण. प्रत्येकासमोर पाटी, एकावरही धूळ नाही. आज तिला त्या ओळीकडे बघवेना. शेवटी एक जागा रिकामी होती.

अधीक्षक साहेब सांगत होते, "पाचही धागे ठणठणीत. ही बघा, तेच कळवायला आली."

"जरा उठता का, साहेब?" ती तपासनिसांना म्हणाली. ते उठले. ती खुर्चीवर चढली, तसबीर बोटभर पुढे ओढली आणि पेला आत सरकवला. पोटावर राखाडी ठिपका असलेला एक कोळी नाखुशीनं पेल्यात आला.

"साफसफाई!" अधीक्षक घाईनं म्हणाले. "आमच्याकडे अगदी शेवटच्या क्षणापर्यंत—"

"कचरा पेल्यात भरून नेतात?" तपासनिसांनी विचारलं. किडकिडीत माणूस, बोलणं त्याहून किडकिडीत.

सूनबाईनं अधीक्षकांकडे पाहिलं. त्यांची नजर 'गप्प बस' म्हणत होती. पण एवढ्या वेळात एक थाप पचवायची आणि पाच धागेही लावायचे, हे जमणारं नव्हतं.

"धागे तुटलेत, साहेब. नवे घालायचेत. एक तास सहा मिनिटं उरलीत."

"मग इथं का उभ्या आहात?"

खोलीत सासऱ्यांनी काडी, लाख आणि भिंग मांडून ठेवलं होतं. हात लावायचं धाडस मात्र केलं नव्हतं. तिनं कोळ्याला काडीच्या टोकावर ठेवलं. तो हलेना.

"टिचकी मार. हळू. मुलाच्या गालावर मारशील इतकी," सासरे म्हणाले.

तिनं मारली. कोळी सुटला, धाग्यावर लोंबकळत खाली निघाला, आणि ती काडी फिरवत धागा गुंडाळू लागली. दिसत काहीच नव्हतं. उजेड तिरपा पडला की एक रेघ चमके आणि विझे. हातभर झाला, दोन हात झाला. मग कोळी जमिनीला टेकला आणि टेबलाखाली पसार झाला.

"पुरेल?"

"पुरवावा लागेल," सासरे म्हणाले. "मधला आधी."

चकतीवर केसाएवढ्या खाचा. धागा खाचेत, टोकांना लाखेचा थेंब, आणि लाख धरेपर्यंत श्वास रोखायचा. मधला बसला. दुसरा बसला. चौथा घालताना तुटला. पुन्हा घातला, पुन्हा तुटला. दारात कुणीतरी उभं राहिल्याचं तिला अंधूक जाणवलं, तपासनीस असावेत. तिनं मान वर केली नाही. तिसऱ्यांदा चौथा बसला तेव्हा घड्याळात बारा मिनिटं उरली होती आणि काडीवर जेमतेम एकदा पुरेल एवढा धागा.

"पहिला घाल," सासरे कुजबुजले. "चार होतील. चार बरे दिसतात."

"मधल्याच्या दोन्ही बाजूंना सारखे हवेत, मामंजी. एका बाजूला जास्त झाला तर सरासरी तिकडे कलेल. तुम्हीच शिकवलंत."

"शिकवलं होतं," ते म्हणाले. "आत्ता भीती वाटली म्हणून विसरलो."

तिनं चकती बसवली, पुढे काजळी धरलेली काच लावली आणि डोळा टेकवला. घड्याळ ठोके देत होतं. सूर्याची कड लाल, थरथरती, सरकत आली. दुसऱ्या धाग्याला शिवली. मधल्याला. चौथ्याला. तिनं तीन आकडे लिहिले आणि पहिल्या व पाचव्या रकान्यात आडव्या रेघा ओढल्या.

अधीक्षक कानाशी आले. "पाच लिही. धाग्यांमधली अंतरं माहीत आहेत, बाकीचे दोन आकडे काढता येतात. कोण तपासतंय?"

"मी," तपासनीस मागून म्हणाले. "बाई, रेघांपुढे कारणाचा रकाना आहे."

तिनं लिहिलं : हाताळताना धागे तुटले.

"कुणी हाताळताना?"

टाक थांबला. सासरे भिंतीकडे बघत होते. अधीक्षकांनी तत्परतेनं मदत केली, "तिनंच, साहेब. खोलीची जबाबदारी तिची. तात्पुरत्या माणसांचं हे असंच असतं."

सूनबाई वाकली. तिनं आपल्या हुद्द्याचं पहिलं अक्षर लिहिलंसुद्धा.

"थांब," सासरे म्हणाले. "फुंकर मारली. मी मारली. ब्रश आणेपर्यंत धीर निघाला नाही." एवढं बोलून त्यांनी चष्मा काढला आणि उगाच पुसत बसले.

साडेबाराला तारायंत्रावरून मोठ्या वेधशाळेची वेळ आली. तिच्या वेळेत आणि त्या वेळेत एका सेकंदाच्या दहाव्या भागाचा फरक होता. तपासनिसांनी तो दोनदा तपासला, मग वहीत दोन ओळी लिहिल्या, सही केली आणि वही तिच्याकडे वळवली.

पहिली ओळ : जागा सदर बाईंच्या नावे कायम. दुसरी : यापुढे निवृत्त व्यक्तीस या खोलीत प्रवेश नाही.

तिनं तोंड उघडलं. सासऱ्यांनी तिचं मनगट धरलं.

"गप्प. आधी पहिल्या ओळीची शाई वाळू दे."

"पण मामंजी—"

"बरोबर लिहिलंय. मी त्यांच्या जागी असतो तर दुसरी ओळ आधी लिहिली असती."

ते उठले. छत्री, टोपी, डबा एकेक करून उचलला. दुपारी एकच्या आत घरी जायची त्यांची ही चाळीस वर्षांतली पहिलीच वेळ. उंबऱ्यावर थांबून त्यांनी विचारलं, "घरी काय सांगू?"

"नोकरी पक्की झाली म्हणून सांगा."

"आणि माझं?"

तिनं टाक खाली ठेवला. 

"ते तुम्ही नका सांगू," ती म्हणाली. "मी आल्यावर सांगते. तोवर सासूबाईंना म्हणावं, माझ्यासाठी जेवायला थांबू नका."