बोटभर अंतर

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे आणि आज मला बोलल्यावाचून राहवत नाही! माझ्या अंगावरचा काळा रंग कोपऱ्याकोपऱ्यांना उडाला आहे, चामडी पट्टा शिवून शिवून टिकवला आहे. पण डोळा म्हणाल तर अजून लखलखीत. कारखान्यात माझी काच घासली, पारखली आणि मी थेट फोटोवाल्या ताईच्या हातात आलो. तेव्हापासून आम्ही दोघांनी इतकी लग्नं पाहिली, की नवरदेवाचा नवा बूट चावतोय हे मी त्याच्या हसण्यावरून ओळखतो.

ताईची एक खोड होती. शेवटच्या रोलमधला शेवटचा फोटो ती राखून ठेवायची. सगळे ओळीत उभे राहायचे, पोटं आत घ्यायचे, हसायचे. मग ती म्हणायची, "झालं बरं का!" माणसं सैल सुटायची आणि तेवढ्यात, खट्! खरी गोष्ट त्या एका फोटोत सापडायची. त्याच्यासाठी माझा जीव नुसता वरखाली व्हायचा.

एका लग्नात तर कहरच झाला. नवरीचे बाबा आणि काका, दोघेही शिंपी. एका दुकानात, एकाच टेपनं मापं घेणारे सख्खे भाऊ. दुकानाच्या वाटणीवरून बिनसलं आणि रस्त्याच्या दोन बाजूंना दोन दुकानं झाली. बोलणं बंद, एकमेकांचं तोंड बघणं बंद. नवरी काकांच्या पायरीवर ठाण मांडून बसली, "तुम्ही नसाल तर मी घरच्यांचा फोटो काढूच देणार नाही." म्हणून काका आले आणि ओळीच्या पार टोकाला उभे राहिले.

"झालं बरं का!" ताई म्हणाली. ओळ मोडली. गर्दीच्या रेट्यात काका नेमके बाबांच्या मागे आले. त्यांचा हात उठला, बाबांच्या कोटाच्या कॉलरपाशी गेला आणि, खट्! रोल संपला. पुढचं मी पाहिलं नाही, कारण ताईनं लगेच माझं झाकण लावलं.

फोटो धुऊन आले तेव्हा मी स्टुडिओच्या काउंटरवर बसलो होतो. अल्बमसाठी फोटो निवडायला नवरी, बाबा आणि आत्या आल्या. तो फोटो हाती येताच आत्या कडाडल्या, "बघा! पोरीच्या लग्नातसुद्धा कॉलर धरायला निघाला होता हा!"

बाबांना पाठीमागचं काही ठाऊकच नव्हतं. त्यांचा चेहरा उतरला. "फाडून टाका तो," ते म्हणाले.

"ताई, तुम्ही होतात ना समोर? काका काय करत होते, सांगा ना!" नवरीनं विचारलं. एवढ्या खटपटीनं तिनं दोघांना एका फोटोत आणलं होतं आणि तोच फोटो आता त्यांना कायमचं तोडणार होता.

"मला दिसलं ते यात आहे," ताई म्हणाली. "बाकीचं, ज्याचा हात आहे त्यालाच विचार."

मला तर ओरडावंसं वाटत होतं! हात आणि कॉलर, मध्ये बोटभर अंतर. तेवढ्यात भांडणही मावत होतं आणि मायाही.

नवरी तडक उठली आणि काकांना दुकानातून हाताला धरून घेऊन आली. त्यांच्या गळ्यात टेप तशीच होती. त्यांनी फोटो पाहिला. शेवटी बाबा बोलले, कित्येक वर्षांत पहिल्यांदाच.

"काय करत होतास रे माझ्या मागे?"

"कॉलर मुडपली होती तुझी. शिंप्याच्या कोटाची कॉलर, तीही पोरीच्या लग्नात! हात शिवशिवला माझा."

ताईनं भिंग पुढे केलं. खरंच, कॉलरची एक कड मागून वर आली होती. "दिव्याखाली अंधार," आत्या पुटपुटल्या.

"मग नीट का नाही केलीस?" बाबांनी विचारलं.

"तू पुढे सरकलास. वाटलं, माझा हात लागलेला तुला चालायचा नाही."

बाबा काकांकडे पाठ करून म्हणाले, "आता बघ बरं. नीट आहे का?"

मित्रांनो, शर्टाची कॉलर अगदी सरळ होती! इस्त्रीसुद्धा मोडली नव्हती. तरी काकांनी ती दोन्ही हातांनी नीट केली, पुन्हा पुन्हा नीट केली. नवरी रडत होती आणि हसतही होती. ताईनं झडप घालून मला उचललं, डोळ्याला लावलं, खट्! आणि मग आम्हा दोघांच्या लक्षात आलं, की माझ्या पोटात रोलच नव्हता.

बोटभर अंतराचा फोटो मात्र नवरीनं अल्बमच्या पहिल्याच पानावर लावला. पाहुणे त्यावर अजून वाद घालतात. मी आता कपाटात असतो. माझी काच मऊ फडक्यानं पुसत जा, मला दमट जागी ठेवू नका. आणि एखादा फोटो बघून कुणाचा राग आलाच, तर आधी त्या माणसाला गाठा आणि विचारा. जाताना मलाही न्या. फक्त तेवढा रोल घालायला विसरू नका!