घासणारा टायर

नितेशने नाहूरच्या गल्लीत पिकअप वळवली की पुढचा टायर आतल्या प्लॅस्टिकला घासायचा, खर्रर! मोठ्या भावाने, केतनने, हौसेने गाडी उंच करून हे दांडगे टायर टाकले होते. केतन मार्चमध्ये अपघातात गेला. तेव्हापासून तो आवाज ऐकला की आई तव्यावर बोंबील टाकायची, आणि दारात नितेश दिसला की डोळे पुसायची. नितेशचं डोकं फिरायचं.

साकीनाक्याच्या राजाराम मिस्त्रीला तो म्हणाला, "काका, आवाज बंद करा. आईला वाटतं केतन आला."

"मग टायर छोटे टाक ना. गाडीला काय हत्तीचे पाय लावलेत!"

"टायर केतनचे आहेत. त्यांना हात नाय लावायचा."

राजारामने स्टिअरिंग फिरवून घासायची जागा बघितली, प्लॅस्टिक गरम करून आत दाबलं, बंपरचा कोपरा कापला.

संध्याकाळी गाडी गपचूप वळली. नितेश घरात शिरला तर तवा थंड, आई अंधारात. ती दचकलीच.

"आवाज बंद केला गं. तुला केतन आठवतो ना त्याने."

"केतन गेलो, ता माका ठाऊक हा. मी काय खुळी नाय." तिने चाचपडत दिवा लावला. "आवाज इलो की कळायचा, तू जितो, धडधाकट घराक इलंस. आता कसा कळतला?"

"हॉर्न वाजवीन."

"हॉर्न सगळेच वाजवतत."

नितेश खाली गेला, गाडीत बसला आणि स्टिअरिंग पार शेवटपर्यंत फिरवलं. कुठेच काही घासलं नाही.