एक तास दहा मिनिटं

लतिकाच्या माहेरी, नागपूरच्या जरीपटक्यात, कोणाचं काही अडलं की फोन शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेसाला, लतिकाकडे जायचा. गॅसचं बुकिंग, डॉक्टरचा नंबर, रेल्वेचं तिकीट, सगळं हिच्या मोबाईलवर. त्याचा तिला तोरा होता, आणि घरच्यांनी तो चालवूनही घेतला होता.

मे महिन्यात पहाटे चारला आई, भीमाबाई, झोपेतच गेली. लतिकाने धाकट्या भावाला, प्रशिकला, फोन लावला. तो ओडिशात, झारसुगुड्याच्या कारखान्यात नोकरीला. तासाभरात तो स्टेशनावर उभा होता. साडेपाचची गाडी त्याला दुपारी तीनला नागपूरला पोचवणार होती, आणि आईला संध्याकाळी पाचला न्यायचं ठरलं होतं.

"दहा तास एकटाच रडत येशीन का गा?" लतिका फोनवर म्हणाली. तिने मोबाईलवर एका वेबसाइटमध्ये दोन्ही विमानतळांची नावं टाकली होती. पडद्यावर एक सरळ रेघ उमटली. अंतर सव्वापाचशे किलोमीटर, उड्डाणाचा वेळ एक तास दहा मिनिटं. "सोड ते गाडी. विमानानं ये. बारा वाजेपर्यंत मायजवळ पोचशीन."

"तू पाह्यलं न बराबर?"

"मंग! समोरच दिसून राहिलं मले."

गाडी आली, थांबली, निघून गेली. प्रशिक ऑटोने विमानतळावर गेला. आठ वाजता त्याचा फोन आला.

"ताई, इथून नागपूरले विमानच नाही वं. कोलकात्याहून फिरून जा म्हणतात, ते बी उद्या."

लतिकाने मोबाईल पुन्हा उघडून पाहिला. ती वेबसाइट कुठल्याही दोन विमानतळांमधलं अंतर मोजून द्यायची. मध्ये विमान उडतं की नाही, याच्याशी त्या वेबसाइटला देणंघेणं नव्हतं. तिकीट बघायचं शहाण्या लतिकाला सुचलंच नाही. पुढची गाडी मध्यरात्रीनंतर पोचणार होती. त्या उन्हात बर्फ टिकेना, आणि जाणती माणसं थांबायला तयार होईनात. साडेपाचला भन्तेजींनी त्रिशरण दिलं आणि भीमाबाईंना लेकाशिवाय नेलं. प्रशिक पोचला तेव्हा घरात हार घातलेला फोटो होता.

"त्याची गाडी चुकली," लतिका विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगत राहिली. खोटं नव्हतं ते, पण खरं तरी कुठे होतं?

आईच्या स्मरणार्थ ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना आटोपली आणि भीमाबाईंचे भाऊ, देवरावमामा, सगळ्यांदेखत प्रशिकवर घसरले.

"माय मेली अन् तुले एक गाडी धरता आली नाही? काहून गा? काय करून राहिला होता तू?"

प्रशिकने मान खाली घातली. "झोप लागली मामा."

लतिकाला राहवलं नाही. "खोटं बोलून राहिला तो! ठेसनावर उभा होता. मीच त्याले म्हटलं, गाडी सोड. मायचं तोंड मी पाहू नाही दिलं त्याले."

प्रशिक उठून बहिणीजवळ आला.

"काहून सांगितलं वं ताई?" तो हळूच म्हणाला. "मी त् परवा निघून जातो. तुले इथंच राहा लागते, या सगळ्यायमंधी."

माफ केलं, असं काही तो म्हणाला नाही. आणि तिची विचारायची हिंमत झाली नाही.