गप्प झालेला रिले

पूर्णा जंक्शनच्या रेल्वे क्वार्टरात पौषाची थंडी भिंतींतून पाझरत होती, आणि सितारामची नात संत्र्याच्या लाकडी पेटीत निजली होती. सातव्या महिन्यातच आलेली, मूठभर. परभणीच्या दवाखान्यात काचेची पेटी एकच, अन् तीत आधीच दुसरं लेकरू. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घरी न्या, पण ऊब तुटू देऊ नका. हिला स्वतःची ऊब धरता येत नाही."

वीज दिवसातून चारदा जायची. म्हणून सितारामनं सगळं जीपच्या जुन्या बॅटरीवर बसवलं. सिग्नलखात्यात वीस वर्षं रिले, म्हणजे विजेनं उचलले जाणारे लोखंडी खटके, सांभाळलेला माणूस. सिकंदराबादहून आणलेली एक चिप त्याच्याजवळ होती, कम्पॅरेटर म्हणतात ती. दोन तारांवरचे व्होल्ट जोखायचे आणि जास्त कोणते ते सांगायचं, एवढंच तिचं काम. वीज खायची ती चिमणीनं दाणा टिपावा इतकी. एका तारेवर त्यानं हव्या त्या उबेइतके व्होल्ट बांधले, दुसरीवर पेटीतली ऊब मोजणारा ज्वारीएवढा मणी. पेटी गार झाली की चिप रिलेला उचलायची, आणि रिले उचलला की पेटीला ऊब देणारा दिवा लागायचा.

पहिल्या दिवशी रिले नुसता तडतडला. दिवा लागला की बॅटरी दबायची, चिप गोंधळून तो विझवायची, विझला की पुन्हा लावायची.

"आवो, ह्याला हिवताप भरला का काय?" सुलाबाई, त्याची बायको, म्हणाली.

"उंबऱ्यावर आडलाय त्यो. आत बी जाईना, भाईर बी येईना."

त्यानं घरातला रेडिओ उघडला, वीज अडवणारा एक रेझिस्टर उपसून काढला आणि चिपच्या बाहेरच्या टोकापासून मागं, आतल्या टोकाला जोडला. आता लागलेला दिवा पुरती ऊब भरल्याशिवाय विझेना, विझलेला थोडं गार झाल्याशिवाय लागेना. रिले शहाणा झाला. पाच-सात मिनिटांनी एकदाच टिक करायचा. दोन दिवस असे निभले. सितारामची लेक, लेकराची आई सत्यशीला, कापसाच्या बोळ्यानं लेकराच्या ओठांवर दूध पिळत राहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी सुलाबाईनं लेकराखालचं ओलं फडकं ओढून बदललं, आणि पेटीला टेकून, डोळे मिटून गुणगुणू लागली:

दिव्या रं माझ्या दिव्या, नको डोळा लावू,
सात महिन्यांची कळी तुझ्या भरोशानं ठेवू.

सिताराम भाकरी खायला ड्यूटीवरून आला. घर शांत होतं. त्याला बरं वाटलं.

"बाबा, दिवा लय वेळचा लागला न्हाई," सत्यशीला म्हणाली.

"ऊब भरली आसल. रिले गप हाय ना? बिघडला आस्ता तर तडतडला आस्ता." वीस वर्षांचा कान होता तो.

सत्यशीलेनं तरी पेटीत हात घातला. मग तिचा आवाजच बदलला. "बाबा, पाय दगड झालेत हिचे. ओठ बगा."

ओठ जांभळाच्या सालीसारखे होते. सत्यशीलेनं लेकरू उचललं, पोलक्याच्या आत छातीशी धरलं, वरून लुगडं, त्यावर घोंगडी. सितारामनं पेटी उजेडाला धरली. कोपऱ्यात तार तुटली होती. फडक्याबरोबर ओढली गेली होती.

"म्याच वढली," सुलाबाई म्हणाली. "माज्याच हातानं."

"तू न्हाई. तार कवा तरी तुटतीच."

तुटल्यावर काय व्हावं हे ठरवलं होतं त्यानं. सिग्नलखात्यात पहिल्याच दिवशी शिकवतात: काहीही बिघडलं तर रिले खाली पडला पाहिजे. रिले पडला की सिग्नल लाल, लाल म्हणजे गाडी उभी, आणि उभी गाडी कुणाला मारत नाही. म्हणून त्यानं रिलेची तारही मण्याच्या तारेसोबत पेटीतून फिरवून आणली होती. पेटीतली कुठलीही तार तुटो, रिले पडावा. हाताला तेच वळण होतं. रिले पडला, दिवा विझला, सगळं नियमानं झालं. पण इथं थांबणारी गाडी नव्हती. इथं नातीचं रक्त थांबत होतं.

डाख द्यायची सळई त्यानं सुलाबाईच्या शेगडीत तापवली. तुटलेली तार आधी सांधली. दिव्याची तार त्यानं रिलेच्या दुसऱ्या पट्टीला जोडली, जी रिले पडल्यावरच जुळते, आणि मण्याची व त्याच्या शेजारी बसवलेल्या रेझिस्टरची जागा अदलाबदल केली. आता पेटी तापली तरच रिले उचलणार होता. पडला तर दिवा जळत राहणार होता. दिवा एवढुसा, अखंड जळला तरी भाजणारा नव्हता.

पेटी तापून दिवा विझल्यावर त्यानं एक तार मुद्दाम उपटली. दिवा लागला. दुसरी उपटली. लागलेलाच राहिला. पुन्हा जोडल्या.

"आण तिला."

सत्यशीला भिंतीला टेकून बसली होती. ती हलली नाही.

"सत्या, आण बाई. झालंय नीट."

"मागं बी नीटच व्हतं, बाबा."

त्यानं सळई खाली ठेवली. "दूध वढायलंय का?"

तिनं घोंगडी उचलून खाली पाहिलं. "जरासं. लय हळू."

"मग ऱ्हाऊ दे तितंच, तुज्या उबंत."

बाहेर मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळत गेले. सितारामनं रिकाम्या पेटीत आपला हात ठेवला, आणि दिवा वेळेवर लागतो का, विझतो का, ते बघत बसला.