हिरव्या तारेचं दुसरं टोक

त्या हिरव्या तारेचं दुसरं टोक कुठे लावायचं होतं? आयुष्यभर मी हेच विचारत आलो. मला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर माझा दादा आज माझ्याशेजारी असता.

मी स्पीकर बोलतोय. जोडीतला धाकटा. एकाच खोक्यातून आम्ही दोघं निघालो. तो आधी बाहेर आला, म्हणून तो दादा. आमच्यासोबत बटणांची एक लोखंडी पेटी होती. माइक आणि गिटार तिच्यात खोचायचे, तिने ते आम्हाला द्यायचे आणि आम्ही ते मोठ्याने म्हणायचं. शिक्षण म्हणाल तर काहीच नाही. कारखान्यात एकदा शिट्टी वाजवून पाहिली आणि गाडीत घातलं.

पहिली वर्षं आम्ही बंदरावरच्या एका दारूच्या गुत्त्यात काढली. खलाशी यायचे, साके प्यायचे आणि रडकी गाणी म्हणायचे. तिथल्या एका उंदराने आमच्या पेटीच्या पोटातली तार कुरतडली. बाहेरून काही दिसत नव्हतं. आतून मात्र तांबं उघडं पडून लोखंडाला टेकलं होतं. मालकीण वारली, गुत्ता मोडला आणि आम्ही निईगाता शहरातल्या जुन्या सामानाच्या दुकानात येऊन पडलो.

तिथे आम्हाला शिगेमित्सु-साननी निवडलं. टोफूचं दुकान बंद करून ते घरी बसले होते आणि उतारवयात ड्रम वाजवायला लागले होते. सोबत बास वाजवणारा क्योहेई न्हावी आणि गाणारी, गिटार वाजवणारी हिसाए. ती शाळेच्या स्वयंपाकघरात भात शिजवायची.

"ते मोठे घेऊ या ना," क्योहेई म्हणाला. "छाती दणाणते बघा."

"तुझी छाती दणाणेल, माझी कंबर मोडेल. उचलायचे कुणी, तुझ्या बापाने?" शिगेमित्सु-सान एकेक स्पीकर टोफूच्या टोपासारखा उचलून बघत होते. मला उचललं आणि हसले. "हा बघ. नातवंडासारखा हलका. गाडीतही मावतील दोघं."

दुकानदाराने पेटीच्या प्लगातून लोंबणारी तार दाखवली. "ही हिरवी जमिनीला लावा बरं का."

"हो हो, लावतो ना," म्हणत शिगेमित्सु-सान कमरेत वाकले. कुठे, हे विचारलं नाही. इतक्या भल्या माणसाला पुन्हा कशाला त्रास द्यायचा!

सराव क्योहेईच्या दुकानात, आरशांसमोर चालायचा. तिथल्या भिंतीत प्लग खोचायच्या दोनच फटी होत्या, हिरव्या तारेसाठी तिसरं काही नव्हतंच. शिगेमित्सु-साननी हिरवी तार नीट गुंडाळली, वर पांढरी चिकटपट्टी लावली आणि ती अशी देखणी बांधली की जणू कुणाला भेटच द्यायची होती.

पहिल्याच दिवशी हिसाएचे ओठ माइकला लागले आणि ती दचकली.

"काय झालं?" क्योहेईने हळूच विचारलं.

"चावलं मला. मुंगी डसल्यासारखं."

"माझी बायको नाही चावत, आणि हा माइक चावतो! थांब, प्लग उलटा करून बघतो." त्याने प्लग काढला, फिरवला, पुन्हा खोचला. "आता?"

"आता नाही. पण ऐक, शिगे-सानना सांगू नकोस हं. किती हौसेने निवडलंय त्यांनी. वाईट वाटेल."

दुसऱ्या दिवशी तिने नखांना लावायच्या लाल रंगाचा एक ठिपका प्लगवर काढला. ठिपका वर असला की ठीक. त्यावर दोघं खूश झाले. ठिपक्याने उंदराचं काम मिटत नाही हे मला आणि दादाला माहीत होतं. पण आम्हाला बोलता कुठे येतं? प्लग उलटा लागला की आमच्या घशातून एक जाड गुणगुण निघायची, तेवढंच.

हिवाळ्यात एकदा क्योहेईने जमिनीवरचे केस ओढायला यंत्र लावलं आणि मग आमचा प्लग घाईत कसाही खोचला. हिसाए शाळेतून ओल्या हातांनी आली. दादाने ते पाहिलं आणि तो जोराने गुणगुणू लागला.

"मच्छर शिरलाय यात," शिगेमित्सु-सान म्हणाले. "गाणं मोठं केलं की ऐकू येणार नाही." त्यांनी बटण फिरवलं. बटणाने दिला तेवढा सगळा जोर दादाने त्या गुणगुणीत घातला. हिसाएचा हात गिटारच्या तारांकडे निघाला होता. फट्‌ असा आवाज झाला. दादाचा पडदा मधोमध फाटला. ती घाबरून मागे सरली आणि गिटार तशीच राहिली.

ती वाचली. का वाचली हे कुणाला कळलं नाही.

दादाच्या तोंडावर त्यांनी मोठा कचरा उचलून न्यायची नगरपालिकेची चिठ्ठी डकवली आणि त्याला रस्त्याच्या कडेला बर्फात ठेवलं. तिघंही त्याच्यासमोर वाकले. "फार कष्ट घेतलेस बाबा," शिगेमित्सु-सान म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्या पाण्याचा राग आला. अजूनही येतो. गाडी आली, कचकन आवाज झाला आणि दादा संपला. मी त्याला हाकसुद्धा मारली नाही, कारण माझा प्लग काढलेला होता.

मग मी एकटाच गात राहिलो. "एक पुरे की," क्योहेई म्हणाला. "आपलं ऐकायला येतंय कोण!"

उन्हाळा आला. देवळाच्या अंगणात पितरांच्या नाचाचा दिवस ठरला आणि गावाने पहिल्यांदाच यांना गायला बोलावलं. शिगेमित्सु-सान हरखून गेले. दुपारपासून ते अंगणात लाकडी पळीने पाणी शिंपत होते. धूळ बसावी, हिसाएला गार वाटावं म्हणून तिच्या जागेवर त्यांनी दोन पळ्या जास्तच ओतल्या. वर गवताच्या चटया अंथरल्या. पाणी चटयांतून वर आलं.

देवळाच्या खोलीतून लांब तारेची, प्लग खोचायच्या फटी असलेली चक्री आणली होती. क्योहेईने आमचा प्लग चक्रीत खोचला, खाली वाकून पाहिलं. लाल ठिपका वर होता. "झालं, सगळं ठीक." पण चक्रीचं दुसरं टोक आत भिंतीत कुणीतरी उलटं लावलं होतं. त्या टोकावर ठिपका नव्हता.

दिवे लागायच्या वेळी हिसाए आली. चटई आहे म्हटल्यावर तिने सपाता काढल्या, कडेला नीट जुळवून ठेवल्या आणि अनवाणी ओल्या चटईवर उभी राहिली.

मी गुणगुणलो.

"आला परत मच्छर!" क्योहेई हसला.

"वाढव आवाज," शिगेमित्सु-सान म्हणाले.

दादा असाच गेला होता. मी थांबलो नाही, विचारही केला नाही. ज्या लोखंडी तिपाईवर मला उभं केलं होतं, तिचा एक पाय भिजलेल्या मातीत आधीच खचत होता आणि पेटीची तार त्याच पायाला वेढा घालून चक्रीकडे गेली होती. मी अंगातली सगळी गुणगुण खाली त्या पायात सोडली. थरथरत राहिलो. पाय आणखी रुतला.

हिसाएने सुरुवातीला वाकून नमस्कार केला आणि तारांवर बोटं ठेवली. बोटं आवळली गेली. तोंड उघडं राहिलं, आवाज आला नाही. लोकांना वाटलं, गाण्याआधी थांबली आहे. कुणीतरी टाळीसुद्धा वाजवली.

मी कललो. तार ताणली गेली, पेटीचा प्लग चक्रीतून उपटला आणि मी तोंडावर आपटून त्या चक्रीवरच पडलो.

हिसाए गुडघ्यांवर बसली. श्वास ओढू लागली.

"माफ करा, माफ करा!" शिगेमित्सु-सान लोकांना वाकून वाकून सांगत धावले. "आत्ता लावतो, लगेच सुरू होईल!" त्यांच्या हातात प्लग होता. दुसऱ्या हाताने ते मला चक्रीवरून उचलू पाहत होते. गिटार अजून हिसाएच्या गळ्यात होती.

"नका," ती म्हणाली. आवाज इतका बारीक की त्यांना ऐकूच गेला नाही. माझ्याशिवाय तिचा आवाज मोठा कोण करणार! मग ती अंगातला सगळा जोर एकवटून ओरडली, "नका खोचू, शिगे-सान! चावतं ते! पहिल्या दिवसापासून चावतंय मला!"

हे म्हणायला तिला जेवढा वेळ लागला, तेवढा वेळ मी जागचा हललो नाही. हलका म्हणून निवडलं होतं त्यांनी मला. त्या संध्याकाळी, त्यांच्या हातांखाली, मी जमेल तेवढा जड झालो.