एक प्रत वडिलांना

पुण्याहून आमच्या जुळे सोलापुरातल्या फ्लॅटवर आलेल्या त्या पत्राला मी आठ महिने उत्तर दिलं नाही. तेहेतीस वर्षं ग्रंथपाल होतो. दुसऱ्यांनी लिहिलेलं जपता येतं. स्वतः लिहायचं म्हटलं की हात थांबतो.

आमची लेक शिवलीला बत्तीस वर्षांची. पुण्यात तिनं वजन कमी करायची शस्त्रक्रिया करून घेतली, आणि पाच महिन्यांनी डेंग्यूनं गेली. पत्र तिथल्या संशोधक डॉक्टरबाईंचं होतं. शस्त्रक्रियेच्या वेळी तिच्या संमतीनं पोटातल्या चरबीचा लहानसा तुकडा घेतला होता. वर्षानं दुसरा घ्यायचा होता. वजन उतरल्यावर चरबीतल्या कुठल्या जनुकांचं काम मंदावतं, कुठल्यांचं वाढतं, ते ताडून बघायचं होतं. आता दुसरा मिळणार नाही. पहिला अभ्यासात ठेवू, की परत पाठवू?

"परत मागा," माझी बायको महादेवी म्हणाली. "आपल्या लिंगायत रीतीनं तळहातावर इष्टलिंग ठेवून पोरीला मातीत बसवलं. तेवढा तुकडा बाहेर का? सगळी एका जागी असू दे की."

पटत होतं, पण लिहवत नव्हतं. त्याच चरबीवरून मी पोरीला काय काय बोललो होतो. शेंगाचटणीचा डबा पुस्तकांमागे लपवायचो. पाहुण्यांसमोर म्हणायचो, "जिभेला आवर घाल."

"अप्पा, भूक माझ्या हातात नसते हो."

"असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय?"

परवा तुकडा परत मागायचं ठरवून पत्र काढलं. पत्ता उतरवताना मागे टाचलेला कागद दिसला. पुस्तकाचं शेवटचं पानही न सोडणारा मी, हा उलटलाच नव्हता. तिच्या संमतीपत्राची प्रत. सहीखाली तिनं हातानं लिहिलं होतं : 'निष्कर्ष छापून आले की एक प्रत माझ्या वडिलांना पाठवा. ते छापलेल्यावरच विश्वास ठेवतात.'

महादेवीला पहिलं वाक्य वाचून दाखवलं आणि कागद तिच्यापुढे धरला. तिनं कागद घेतला, वाचला, सहीवरून बोट फिरवत राहिली.

"लई ओळखून होती तुम्हाला." मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, "राहू दे तिकडंच. पण आज लिहा. तुमचं शुद्धलेखन होईपर्यंत मीपण जाईन."

पाचवा कागद बरा उतरला. तुकडा ठेवून घ्यावा. छापून आल्यावर एक प्रत पाठवावी. भुकेबद्दल पोर खरं सांगत होती आणि मी ऐकलं नाही, एवढंही लिहिलं.

कोपऱ्यावरच्या पेटीत पाकीट सोडलं. पिनकोड चुकला तर नाही, असं वाटून हात आत घातला. पण तो पाकिटापर्यंत पोचला नाही.